व्यायाम टिकत का नाही? मालवणी मुलखातले नेहमीचे प्रश्न

मालवण तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावात मी आमच्या घराच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, सकाळचा व्यायामवर्ग घेते. जानेवारीत चटया पसरायला जागा पुरत नाही. शिमग्यापर्यंत निम्मी माणसं उरतात, मे महिन्यात पाहुणे येतात आणि मिरगाचा पाऊस लागला की मी आणि कुत्रा. गणपतीची चवथ उरकली, करंज्या-मोदक अंगावर दिसायला लागले, की खळं पुन्हा भरतं. इतकी वर्षं हे बघून माझं मत असं झालंय की आपल्याकडे माणसं आळसाने कमी आणि पंचांगाने जास्त गळतात. बारा महिने एकसारखा तक्ता इथे चालायचा नाही. भातशेती तरी कुठे बारा महिने एकसारखी असते?

खाली आलेत ते प्रश्न मला खळ्यात, बाजारात, तिठ्यावर एसटीची वाट बघताना विचारले गेलेले आहेत.

रोज करायलाच हवा का? आठवड्याला किती पुरे?

रोज करायलाच हवा असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाने आठवड्यात १५० ते ३०० मिनिटं मध्यम मेहनतीची हालचाल करावी, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराची. शिवाय आठवड्यातून दोन दिवस तरी स्नायूंना ताण देणारा व्यायाम हवा. मध्यम म्हणजे कितपत? चालताना गप्पा मारता येतात, पण गजर म्हणायला दम पुरत नाही, तितपत.

हालचाल सलग दहा मिनिटं झाली तरच धरायची, ही जुनी अट या शिफारशींत काढून टाकली आहे. म्हणजे घाटी चढून देवळात गेलात, तेवढी सहा मिनिटंही खात्यावर जमा. नव्याने सुरू करणाऱ्यांना मी आठवड्याचे तीनच दिवस सांगते. पहिल्याच आठवड्यात सहा दिवस येणारी माणसं तिसऱ्या आठवड्यात मला रस्त्यात चुकवून जातात.

आणि ते दहा हजार पावलांचं?

१९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं. त्याच्या नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलं मोजणारं' असा होता. आकडा बोलायला छान होता, म्हणून टिकला. तुमची आज तीन हजार होत असतील तर पुढच्या महिन्यात साडेचार करा.

एकवीस दिवस नेटाने केलं की सवय लागते ना?

हा आकडा इतका पसरलाय की खोटा म्हटलं तर लोक रागावतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर लक्ष ठेवून सवय बसायला किती दिवस लागतात ते पाहिलं. सरासरी ६६ दिवस निघाले. माणसामाणसांतला फरक मात्र प्रचंड होता, १८ दिवसांपासून २५४ पर्यंत. पाणी पिण्यासारख्या साध्या गोष्टी लवकर अंगवळणी पडल्या, व्यायामाला जास्त वेळ लागला. मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय जडण्यात फारसा फरक पडला नाही.

आता आपलं गणित करा. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरू केलंत तर सहासष्टावा दिवस मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास येतो. बहुतेक वर्षी तो शिमग्याच्या मागे-पुढे पडतो. सवय अजून कोवळी आहे आणि दारात पालखी आलीय. त्यात तुमच्या मनाचा दुबळेपणा कुठे आला? म्हणून माझा आग्रह असतो की सुरुवात दसऱ्याला करा. पाऊस ओसरलेला असतो, थंडी पुढे असते आणि शिमग्यापर्यंत हातात चार-पाच महिने मिळतात.

पहाटे उठणं होतच नाही. संध्याकाळी केलं तर चालेल?

चालेल. दुपारीही चालेल. रात्री मासेमारीला जाऊन उजाडताना परत येणाऱ्याला 'पहाटे पाचला उठा' सांगणं म्हणजे थट्टा झाली. त्याने झोप काढावी आणि चार वाजता करावा.

वेळेपेक्षा खुंटी महत्त्वाची. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी दाखवून दिलं की 'मी व्यायाम करीन' असं ठरवण्यापेक्षा 'अमुक झालं की तमुक करीन' असं ठरवणारी माणसं जास्त वेळा ती गोष्ट पार पाडतात. आमच्याकडे एका काकींनी बंब ही खुंटी धरली. बंब पेटवला की पाणी तापेपर्यंत सूर्यनमस्कार. पाण्यावाचून आंघोळ नाही आणि आंघोळीवाचून देवपूजा नाही, त्यामुळे त्यांचा व्यायाम चुकायला जागाच उरली नाही. पुढे घरात गीझर आला. पाणी पाच मिनिटांत तापायला लागलं आणि काकींचा व्यायाम बंद पडला! आता त्यांनी खुंटी बदलून पहिल्या एसटीवर बांधली आहे. गाडी खालच्या रस्त्याने गेली की सुरू.

मी किनाऱ्यावर चालायला जाते, पण निम्म्या वेळा वाळूच मिळत नाही. काय करू?

कालनिर्णय बघून जा. मी चेष्टा करत नाही.

जुन्या माणसांचा हिशेब आहे, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी म्हणजे चार, त्याची पाऊणपट तीन, तर भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहाच्या सुमारास, द्वादशीला नऊच्या, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. पहाटेचं आणि संध्याकाळचं गणित एकच, कारण दिवसात दोन भरत्या येतात. पूर्ण भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हिशेब ढोबळ आहे, बंदराबंदरात थोडा पुढे-मागे होतो, पण फिरायला जाणाऱ्याला पुरतो.

म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सकाळी सहा-सातला पाणी लांब गेलेलं असतं आणि ओली, घट्ट वाळू रस्त्यासारखी पसरलेली असते. पुढे तीन-चार दिवस ती मजा टिकते. सप्तमीपासून दशमीपर्यंत सकाळीच भरती. तेव्हा भांग, म्हणजे लहान भरती, असल्याने पाणी उधाणाइतकं वर येत नाही, पण तुमच्या वाट्याला येते ती वरची कोरडी, भुसभुशीत वाळू, आणि तीत पाय रुततो.

म्हणून पंधरवड्यातले ते चार दिवस आधीच वेगळे काढा. त्या दिवशी किनारा नको, खळ्यात जोर-बैठका. दोन दिवस ताकदीचा व्यायाम हवा म्हणून वर सांगितलं, तो इथे आपोआप बसतो. 'आज वाळू नव्हती म्हणून परत आले' हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकत होते, तिथी बघायला शिकवल्यापासून ऐकू येत नाही.

वाळूत अनवाणी पळणं चांगलं म्हणतात. खरं?

हळूहळू केलं तर. कोरड्या वाळूत चालायला कठीण जमिनीच्या दुपटीहून जास्त ताकद खर्च होते, त्यामुळे मुंबईत सहज पाच किलोमीटर पळणारा इथे दीड किलोमीटरवर पोटऱ्या धरून बसतो. पहिले दोन आठवडे ओल्या वाळूवर नुसतं चाला. किनारा समुद्राकडे उतरता असतो, त्यामुळे एकाच दिशेने लांब गेलात तर एका गुडघ्यावर आणि कमरेच्या एकाच बाजूवर भार पडत राहतो. तेवढंच अंतर परत त्याच रेषेवरून या. आणि खाली बघून चाला, जाळ्याचे तुकडे आणि फुटक्या बाटल्या दोन्ही असतात. बाटल्या कोण टाकतं ते सगळ्यांना माहीत आहे.

पावसाळ्यात चार महिने काय करायचं?

खरा प्रश्न हाच आहे. बाकीचे सगळे याच्या पोटात येतात.

आधी माझी फजिती सांगते. वर्ग सुरू केला त्याच्या दुसऱ्याच वर्षी मी हट्टाला पेटले की पावसातही चालणं सोडायचं नाही. जुलैत एका सकाळी चिऱ्यांच्या पायऱ्यांवरून उतरत होते, पायऱ्यांवर शेवाळ होतं. पुढचे सहा आठवडे मनगट प्लास्टरमध्ये. पावसात नियम पाळायच्या नादात माझा अख्खा पावसाळा गेला, आणि वर गावभर 'बाई व्यायाम करताना पडली' हे झालं ते वेगळंच.

तेव्हापासून माझे दोन तक्ते आहेत, उघडिपीचा आणि पावसाळी. पावसाळी तक्ता पडवीत होतो, पंधरा मिनिटांत संपतो आणि त्याला वीज लागत नाही. पंधरा बैठका. भिंतीला किंवा पडवीच्या कट्ट्याला हात टेकून दहा जोर, जमायला लागलं की जमिनीवर. सहा सूर्यनमस्कार. पाच लिटरचे दोन कॅन भरून दोन हातांत घ्यायचे आणि पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा खेपा. पाच लिटर पाणी म्हणजे पाच किलो, वेगळी डंबेल कशाला हवीत? शेवटी कोपरांवर आडवं होऊन अंग ताठ धरायचं, वीस आकडे मोजेपर्यंत. सगळं दोनदा. आठवड्याला तीन वेळा. एवढ्याने दम वाढेलच असं नाही, पण कमावलेली ताकद बरीचशी राखली जाते. मेहनतीचा जोर कायम ठेवला तर वेळ आणि दिवस कमी करूनही ताकद टिकते, हे अभ्यासांतूनही दिसलंय.

बाहेर जायचंच असेल तर काही गोष्टी सांभाळा. अंधारात दगडी गडग्याच्या कडेने चालू नका, फुरसं आणि घोणस दोन्ही आपल्याकडे आहेत, बॅटरी हातात हवीच. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यातून आणि शेतातून जाणं टाळा. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) जंतू उंदरांच्या मुतातून पाण्यात येतो आणि जखमेतून अंगात शिरतो. पावसात ताप आला, अंग आणि पोटऱ्या ठणकायला लागल्या, तर 'व्यायामाने दुखत असेल' म्हणून घरी बसू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा.

बूट हा तर स्वतंत्र अध्याय आहे. आपल्या दमट हवेत भिजलेला बूट तीन दिवस वाळत नाही. ओलाच घातलात की बोटांच्या बेचक्यात चिखल्या. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन-तीनदा बदला, चुलीजवळ ठेवा पण चुलीवर नको. पडवीत करताना बूट लागतच नाहीत, हा पावसाळी तक्त्याचा आणखी एक फायदा.

मी लावणी करते, नवरा रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढतो. आम्हाला वेगळा व्यायाम कशाला?

रापण ओढताना जी ताकद लागते ती बघून जिमवाला पोरगा लाजेल, हे कबूल. लावणीच्या आणि कापणीच्या दिवसांत मी कोणाला वर्गाला बोलावत नाही.

पण कामात शरीर एकाच बाजूला वापरलं जातं. लावणीत तासन् तास कंबर पुढे वाकलेली, रापणीत दोर एकाच खांद्यावर, होडीच्या मशीनवर नुसतं उभं. या दिवसांत मी दोनच गोष्टी सांगते. संध्याकाळी पाठीवर झोपून गुडघे वाकवा आणि कंबर उचला, बारा वेळा. मग पालथं झोपून छाती हळूच वर, आठ वेळा. पाच मिनिटं लागतात.

यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते. दहा महिने राबलेला माणूस दोन महिने एकदम बसतो आणि ऑगस्टात बोटीवर चढताच पाठ धरते. त्या एकसष्ट दिवसांत पावसाळी तक्ता सगळ्यात जास्त कोणाला हवा असेल तर त्याला.

चवथीत सगळं बंद पडतं. दरवर्षी.

पडू दे. घर रंगवायचं, गणपतीवरची माटवी बांधायची, चाकरमानी आलेले, रात्री भजनं, मध्यरात्री उसळ-पाव. त्यात कोणी पहाटे बैठका काढायला लागलं तर मीच त्याला झोप म्हणेन.

एवढंच करा. चवथीच्या आधी परत यायची तारीख ठरवा आणि भिंतीवर लिहा. 'गणपती गेले की' ही तारीख नव्हे, कारण गणपती कोणाचे दीड दिवसाने जातात, कोणाचे अकराने, कोणाचे एकवीसने. दिवस आणि वेळ लिहा, 'सोमवार, सकाळी सहा'. आणि सणाच्या दिवसांत जमलं तर एक बारीक धागा राखा. आरतीला उभं राहताना टाचा वर-खाली केल्यात तरी मी हसणार नाही.

जत्रांचं दुखणं वेगळं. थंडीत गावोगाव दशावतार, नाटक रात्रभर. आंगणेवाडीची तारीख तर देवीच्या कौलाने ठरते, म्हणजे वेळापत्रकात आधी धरताही येत नाही. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी व्यायाम नको. झोप बुडालेली असताना घातलेले जोर अंगाला लागत नाहीत, उलट खांदा-कंबर दुखवायची हीच वेळ.

महिनाभर खंड पडला. आता पहिल्यापासून?

पहिल्यापासून नको आणि जिथे सोडलं तिथूनही नको. दम साधारण दोन आठवड्यांत उतरायला लागतो, ताकद तीन-चार आठवडे बरी टिकते. आणि एकदा कमावलेलं परत मिळवायला पहिल्या वेळेपेक्षा कमी दिवस लागतात. पहिला आठवडा निम्मं करा, दुसऱ्यात पाऊण, तिसऱ्यात पूर्वीइतकं.

तापातून उठला असाल तर ताप जाऊन दोन-तीन दिवस होऊ द्या, मग नुसतं चालणं. छातीत धडधड किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागली तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

जिम लावू की घरीच करू?

घरापासून दहा मिनिटांत असेल तर लावा. कुडाळला किंवा कणकवलीला जाऊन-येऊन दीड तास मोडणार असेल तर पैसे वाचवा. लोखंडी सामान घरी घेणाऱ्यांसाठी एक सूचना. खाऱ्या हवेत डंबेलला पहिल्याच पावसात गंज चढतो. खोबरेल तेलाचा हात फिरवून कापडात गुंडाळून ठेवा. तेल तर घरचंच असतं.

भात सोडला नाही तर व्यायामाचा उपयोग काय?

भात सोडलेली माणसं आठ दिवसांत व्यायामही सोडतात, हे मी पाहिलंय. उकड्या तांदळाची पेज खाऊन आपल्या आज्या डोंगर चढल्या. ताटात भाताचा डोंगर आणि कडेला माशाची एक तुकडी असते, ते प्रमाण बदला.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीनुसार रोज दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत. साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. शंभर ग्रॅम बांगड्यात एकोणीस-वीस ग्रॅम मिळतात, एका अंड्यात सहा. सोमवार, संकष्टी, श्रावण आहेच, तर त्या दिवशी कुळथाची पिठी आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. वाटीभर पिठीत कुळीथ जेमतेम तीस ग्रॅम पडतो, म्हणजे सहा-सात ग्रॅम प्रथिनं, तेव्हा वाटी दोनदा भरा. पावडरीचे डबे घेणाऱ्या पोरांना मी विचारते, घरात आईने केलेली पिठी कोणाला वाढता? बहुतेक वेळा उत्तर 'मांजराला' असं असतं.

तळलेली सुरमई आणि रव्यातला बांगडा रोज नको, तिखल्यात किंवा कढीत घाला. सोलकढी हवी तेवढी, पण नारळाचा रस दाट ठेवलात तर ती पाणी नसते हे लक्षात असू द्या.

मे महिन्यात घामाने जीव जातो.

आपल्याकडे हवेत इतकी ओल असते की घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. म्हणून मे महिन्यात सातच्या आत आटपा, वेग कमी ठेवा, आधी मीठ घातलेली पातळ पेज प्या. उकाड्याला शरीर सरावायला एक-दोन आठवडे लागतात, तेव्हा मुंबईहून काल आलेल्याने आज नेहमीचं अंतर पळू नये. गरगरलं, मळमळलं, घाम थांबला तर सावलीत आडवं व्हा, अंगावर पाणी घ्या आणि कोणाला तरी हाक मारा.

अंग दुखतंय, तरी करायचं का?

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या जड होऊन दुखतात ते स्वाभाविक आहे, हलकं चाललात तर बरं वाटेल. एका जागी टोचतं, सांध्याला सूज आहे, रात्री झोपेत ठणकतं, तर ते वेगळं. त्यावर तेल चोळत आठवडे काढू नका.

बायकांनी कुठे करायचं? लोक बघतात.

बघतात. पहिले पंधरा दिवस बघतात, मग कंटाळतात. हे माझ्या स्वतःच्या अनुभवाचं आहे, मी ट्रॅकपँट घालून पहिल्यांदा रस्त्यावर आले तेव्हा एका आजोबांनी विचारलं, 'गो, कोणाक काय झाला? धावतंस कित्याक?'

दोघी-तिघी मिळून निघा, बघणाऱ्यांचा धीर निम्मा होतो. साडी किंवा गाऊनवर ओढणी घेऊन चालायला येणाऱ्या बायका माझ्याकडे आहेत आणि त्यांचं काही अडत नाही, फक्त पायात घट्ट चप्पल हवी. पाळीत झेपेल तेवढं करा, न झेपलं तर सोडा. दोन्हीला माझी परवानगी लागत नाही आणि सासूबाईंचीही लागू नये.

घरातली कामं म्हणजे व्यायामच, असं पुरुष फार सांगतात. कामाने थकवा नक्की येतो. पण आठ तास वाकून उभं राहिल्याने पाठ बळकट होत नाही, आणि ती वीस मिनिटं कोणी तुमच्या हाती आणून देणार नाही. सकाळचा चहा एक दिवस दुसऱ्याने करावा, इथून सुरुवात करा.

तीन महिने झाले, काटा हलत नाही.

काट्याला माडीवर ठेवा. व्यायामाने एकट्याने वजन फार उतरत नाही, ते ताटातून उतरतं. मी दुसरी मापं धरते. देवळाची घाटी चढताना कितव्या पायरीला थांबावं लागतं? जमिनीवरून हात न टेकता उठता येतं का? भरलेली कळशी विहिरीपासून घरापर्यंत न टेकवता येते का?

आणि कालनिर्णयावर खूण करा. व्यायाम झाला की त्या चौकोनात काडी मारायची. तिथी तिथेच, भरतीचा हिशेब तिथेच, दुधाचा हिशेब तिथेच. मी सलग किती काड्या ते मोजत नाही. महिन्यात बारा झाल्या की महिना पास.

वय पासष्ट, रक्तदाब आणि साखर दोन्ही. सुरू करू?

डॉक्टरांना विचारून जरूर करा. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन असेल तर रिकाम्या पोटी लांब चालू नका, खिशात गूळ किंवा साखर ठेवा. रोज पाय तपासा. उठाबशा खुर्चीवरून करा, भिंत धरून एका पायावर उभं राहायचा सराव करा. या वयात पडणं हाच मोठा शत्रू, आणि आपल्या घरांचे उंबरे आणि पायऱ्या त्याला मदत करतात.

व्हॉट्सॲप ग्रुप काढला तर नियमितपणा येईल?

आमचाही आहे. त्यात व्यायामाचे फोटो तीन आणि सुप्रभात साठ.

मालवणच्या चिवला किनाऱ्यावरच्या समुद्रातल्या पोहण्याच्या स्पर्धेत नाव घालू का?

डिसेंबरात तिथे सागरी जलतरण स्पर्धा होते आणि लहान मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत लोक उतरतात. तारीख डोळ्यांसमोर असली की चवथीनंतरचे महिने वाया जात नाहीत, म्हणून मला अशा स्पर्धा आवडतात. पण विहिरीत पोहता येणं वेगळं, समुद्र वेगळा. जाणकार सोबत असल्याशिवाय सराव नको, आणि पावसाळ्यात समुद्रात अजिबात नको.

मागच्या वर्षी मधेच सोडलं. आता परत यायला लाज वाटते.

फाटक सहाला उघडतं. चार महिन्यांनी आलेल्याला मी 'होतास कुठे' विचारत नाही, कारण जूनमध्ये निम्म्या वेळा मीही अंथरुणात असते. चटया पडवीच्या डाव्या कोपऱ्यात आहेत, वरची जरा ओली असेल, खालची घ्या.